मॉड्यूल जोडले की डबे उतरतात, सांगलीतल्या ग्रुपला सल्ला हवाय

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीतले पाच जण मिळून एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मॉडेल रेल्वेत, भिलवडी ते मिरज असा लेआउट करतोय. प्रत्येकानं घरी चार फुटाचं एक मॉड्यूल, म्हणजे लेआउटचा सुटा तुकडा, करायचं आणि महिन्यातनं एका रविवारी विश्रामबागेत मित्राच्या हॉलमध्ये सगळे जोडून गाड्या चालवायच्या, असं ठरलंय. भिलवडी, नांद्रे, माधवनगर, सांगली झालीत, मिरज माझ्याकडं आहे. अडचण अशी की घरी एकट्या मॉड्यूलवर गाडी पाण्यासारखी पळते, पण जोडलं की नांद्रे-माधवनगरच्या सांध्यावर तिसरा-चौथा डबा हमखास उतरतो. आणि कंट्रोलर भिलवडीच्या टोकाला, त्यामुळं मिरजेपर्यंत येईस्तोवर इंजिन मंदावतं, कधी उभंच राहतं. डीसीसी आहे, म्हणजे इंजिनाला हुकूम रुळातनंच डिजिटल जातात. दोन वर्षं खपलोय यासाठी, आता कुठं कसं चुकतंय ते सांगा. अजून एक, मला मिरजेत जुन्या काळचं ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही दाखवायचंय, माझे आजोबा त्या नॅरोगेजनं पंढरपूरला जायचे. रूळ कुठले घेऊ?

साताऱ्याचा सिग्नल: दादा, पाच जणांनी पाच टेपनं मोजलं की असंच होतं, आमचंही झालेलं. सांध्यावर नख फिरवून बघा, जिथं नख अडतं तिथं चाक चढतं, चाकाची कड एक मिलिमीटरच्या आसपास असते त्यामुळं अर्ध्याचा फरकसुद्धा पुरतो. उपाय एकच, टोकाच्या फळीचा एक साचा करा, 12 एमएम प्लायचा, बोल्टची भोकं आणि रुळाची जागा त्यातच पाडलेली, आणि तो एकच साचा पाचही घरी फिरवा. टोकाची फळी गुण्यानं तपासा. आणि मॉड्यूल आधी बोल्टनं आवळून मगच सांध्यावरचे रूळ बसवा, शेवटचे दोन इंच सरळ आणि काटकोनातच हवेत, तिथं वळण नको. हे होईस्तोवर झाडं, ऊस, घरं काही चिकटवू नका, नंतर उचकटताना जीव जातो.

अडीचची वायर: मंदावण्याचं कारण करंट जॉइनरमधनं, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्टीतनं, पाठवताय हे असणार. जॉइनर रूळ सरळ ठेवायला असतो, करंट नेण्यासाठी त्याच्यावर विसंबायचं नाही, हवा लागून आत थर चढतो. प्रत्येक मॉड्यूलखाली अडीच स्क्वेअर एमएमची जोडवायर टाका, घरच्या वायरिंगची असते तीच, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून बारकी वायर सोल्डर करा. दोन रंग ठरवून घ्या, पाचही जणांनी तेच. मग मिरजेच्या टोकाला दोन्ही रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवा, कंट्रोलरनं लगेच ट्रिप मारली पाहिजे. नाही मारली तर वायर कमी पडतेय, आणि शॉर्ट झाला की डबे तापून वितळतात, हे डोळ्यांनी बघितलंय.

बार्शीलाइट: मिरजेचं वाचून लई बरं वाटलं. बार्शी लाइटचं, म्हणजे त्याच पंढरपूरच्या नॅरोगेजचं, गेज (दोन रुळांमधलं अंतर) 762 एमएम, भागिले 87 म्हणजे पावणेनऊ, म्हणून 9 एमएमचा एन स्केलचा, म्हणजे एचओहून बारक्या मॉडेलचा, रूळ चालतो, फक्त त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात ते बदला. मीटरगेजला 12 एमएम. ब्रॉडगेज खरं म्हणजे 19.3 यायला पाहिजे पण सगळे 16.5 वरच चालवतात, तुमच्याकडं आधीच तेच असणार. नॅरोगेजला वेगळा कंट्रोलर द्या. अन् मॉड्यूल तळमजल्यावर ठेवू नका, 2019 अन् 2021 ला सांगलीत पाणी कुठवर आलतं ते तुम्हाला माहीतच आहे.

कृष्णाकाठ: नख फिरवलं, माधवनगरचा रूळ वर आहे, स्पष्ट लागतं. साचा माझ्याकडं करतो, सुताराला आजच फोन केलाय. भिलवडीवाल्यानं मात्र स्टेशनसकट सगळं चिकटवून ठेवलंय, त्याला कसं सांगायचं बघतो. @बार्शीलाइट, स्लीपर लाकडाच्या पट्ट्या कापून केले तर चालतील का?

बार्शीलाइट: चालतील की, काड्यापेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या घ्या, आणि फोटो टाका.