घरातल्या माणसावर लिहिलेली कथा संग्रहात घ्यावी का?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. मी मुंबईत एकटी राहते, एका कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि गेली अकरा वर्षे कथा लिहिते आहे. दोन प्रकाशकांकडून हस्तलिखित परत आल्यावर आता नऊ कथांचा संग्रह स्वतःच्या खर्चाने काढायचे ठरवले आहे. कथा सगळ्या घरातल्याच आहेत: आईचे हळूहळू विसरत जाणे, आत्याचे साठीत माहेरी परतणे, गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेल्यावर दोन बिऱ्हाडांत वाटले गेलेले देव, आणि वडिलांचे जाणे. माझा प्रश्न या शेवटच्या कथेबद्दल आहे.

वडिलांना जाऊन आठ वर्षे झाली. शेवटचे सव्वीस दिवस ते रुग्णालयात होते आणि दिवसा मी, रात्री दादा अशा आमच्या पाळ्या होत्या. कथेतला भाऊ रात्रभर बाकावर बसून औषधांच्या पावत्या जुळवत असतो. पहाटे तीनच्या सुमारास वडील सलाइनची नळी ओढू लागतात, तेव्हा तो त्यांना म्हणतो, ‘अरे, झोप ना आता.’ आमच्या घरात वडिलांना कोणीही कधी अरे-तुरे केलेले नाही; आम्हा दोघांना त्यांच्याशी ‘तुम्ही’ म्हणूनच बोलायची सवय होती. त्या एका ‘अरे’नंतर कथेत फारसे काही घडत नाही. वडील डोळे मिटतात, भाऊ पावत्या खिशात ठेवतो आणि कथा तिथेच थांबते.

तीन वर्षांपूर्वी ही कथा एका दिवाळी अंकात आली होती. दादाने ती तेव्हाच वाचली होती, हे मला गेल्या महिन्यात, संग्रहाविषयी सांगायला गेले तेव्हा कळले. तो एवढेच म्हणाला, ‘ती सोडून बाकीच्या छाप.’ वहिनींनी चहा दिला, पण त्या समोर बसल्या नाहीत.

ही कथा वगळली तर संग्रहाचा कणाच जातो असे मला वाटते, आणि ठेवली तर काय जाईल ते मला ठाऊक आहे. नावे, गाव, नोकरी बदलून हे सुटते का? शिवाय स्वतः पुस्तक काढण्याचा अनुभव असलेल्यांनी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या तर उपकार होतील.

जुना मुद्रितशोधक

मी लेखक नाही. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेली, आणि त्यात घरच्या दुःखावरच्या कथा इतक्या वाचल्या की पहिल्या पानावर दारातल्या चपला दिसल्या, की आतमध्ये कोण गेले आहे हे मला आधीच कळू लागले होते.

तपशील बदलण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. भावाला बँकेत चिकटवा, गिरगावचे डोंबिवली करा, वगैरे. त्याने परका वाचक फसतो, पण त्याला फसवण्याचे कारणच नव्हते. घरच्या माणसाला स्वतःची ओळख पटते ती पावत्यांची घडी घालण्याच्या पद्धतीवरून, आणि ती घडी तुम्ही बदलणार नाही, कारण कथा तिच्यातच आहे. नाते बदलून पाहिलेत तर आणखी मोठी पंचाईत होईल. भावाच्या जागी जावई आणलात, तर जावयाने सासऱ्याला ‘अरे’ म्हणणे हा उद्धटपणा ठरेल आणि कथा भांडणाची होईल. मुलाने बापाला ‘अरे’ म्हणण्यात जे आहे, म्हणजे त्या क्षणी बाप त्याला मुलासारखा झाला हे, ते त्या एकाच नात्यातून उमटते.

माझी शंका वेगळीच आहे. दिवसाची पाळी तुमची होती असे तुम्हीच लिहिले आहे. मग पहाटे तीन वाजता तो ‘अरे’ तुम्ही कुठून ऐकलात? तुम्ही दिलेल्या सारांशात भाऊ आहे, वडील आहेत, नळी आहे, पावत्या आहेत. बहीण कुठेच नाही. कथा सांगणारी व्यक्ती छताला चिकटून खाली पाहते आहे. सगळे जाणणाऱ्या निवेदकाला माझी हरकत नाही, परंतु इथे त्याचा उपयोग तुम्ही स्वतः दिसू नये म्हणून झालेला दिसतो. उघडा पडला आहे तो एकटा भाऊ, आणि त्याला उघडे पाडणारी बहीण घरी झोपलेली आहे. तुमच्या दादांना नेमके हेच लागले असेल असे मी म्हणत नाही, पण वाचक म्हणून मला ती जागा टोचली.

एक कौतुकही करतो, कारण ते सहसा राहून जाते. तुम्ही दहाव्याला कावळा आणलेला नाही. बाणगंगेच्या काठावर पिंड ठेवले आहेत, कावळा शिवत नाही, मग धाकटा मुलगा काहीतरी कबूल करतो आणि कावळा झेपावतो, हा प्रसंग मी इतक्या वेळा तपासला आहे की त्यातल्या अनुस्वारांची जागा मला पाठ आहे. त्या प्रसंगी वाचक स्वतःच्या घरचे आठवून रडतो आणि श्रेय लेखकाला जाते. औषधांची पावती मात्र ज्याची त्याचीच असते. तसेच बाकीच्या कथांत ‘गेले’, ‘वारले’, ‘देवाज्ञा झाली’ हे शब्द कोणाच्या तोंडी घातले आहेत ते एकदा तपासा. देवाज्ञा पत्रिकेत होते, घरात माणूस ‘जातो’, आणि चाळीतला शेजारी खाली नाक्यावर ‘ऑफ झाले’ असे सांगतो. हे तीन शब्द एकाच पात्राने वापरले, तर ते पात्र खोटे वाटू लागते.

पलंगाखालचे गठ्ठे

वरच्या प्रतिसादानंतर कथेबद्दल मी काही बोलत नाही. नावावरून ओळखलेच असेल, माझ्या स्वखर्चाच्या पहिल्या संग्रहाच्या तीनशे प्रतींपैकी बऱ्याचशा कुठे आहेत ते. म्हणून पहिली विनंती अशी की छपाईवाल्याने प्रतीमागचा दर कमी दाखवून हजार प्रतींचा आग्रह धरला तरी ऐकू नका. मागणीनुसार थोड्या-थोड्या प्रती काढून देणारे मुद्रक आता मुंबईत सहज मिळतात. प्रतीला पैसे जास्त पडतात, पण पलंग मोकळा राहतो.

त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे आणि कथासंग्रह तिच्यात बसतो. मंडळ जाहिरात देऊन हस्तलिखिते मागवते, त्यामुळे पुस्तक आधी छापून मोकळ्या झालात तर ही वाट बंद होते. वेळ लागतो, हे खरे आहे.

स्वतःच काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तुम्ही स्वतः घ्या. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला आणि आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापलेत की प्रकाशक तुम्हीच. माझे पुस्तक टाउन हॉलमध्ये आहे, एवढे समाधान मला या कायद्यामुळे मिळाले. ते तिथे कोणी वाचले का, हा भाग निराळा.

दिवाळी अंकात आलेली कथा संग्रहात घेण्यास सहसा अडचण येत नाही, कारण लेखी करार करून दिल्याशिवाय हक्क लेखकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तरी संपादकांना कळवा आणि पूर्वप्रसिद्धीची नोंद पुस्तकात द्या. जाता जाता आणखी एक: १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्यानंतरही ६० वर्षे या कथांचा हक्क तुमच्या वारसांकडे राहील. तुम्ही एकट्या राहता असे लिहिले आहे, तेव्हा मृत्युपत्र केले नाहीत तर उद्या ही कथा दादांच्याच घरात जाण्याचा संभव आहे. हे गमतीने लिहायला घेतले होते, आता वाटते आहे की त्यांना ती दाखवण्याचे हे एक बरे कारण होऊ शकेल.

पानांचा हिशेब सोळाच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या संचात, बसवा, नाहीतर शेवटी कोरी पाने राहतात आणि मग ती भरायला लेखक नको तेवढे मनोगत लिहितो. आणि जुन्या कथा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या टंकप्रणालीत, टंकलेल्या असतील तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. पुन्हा अक्षरशः ओळ न् ओळ वाचून घ्या.

कथेतली मावशी

मी लिहीत नाही. माझ्यावर लिहिले गेले आहे, म्हणून बोलते. माझ्या मावसबहिणीने माझ्या गेलेल्या मुलीवर कथा लिहिली. नावे बदललेली होती आणि शेवटी ‘सर्व पात्रे काल्पनिक’ हे वाक्यही होते, पण ते वाक्य आमच्या इमारतीत कोणीच वाचले नाही. कथा चांगली होती, हे मी तेव्हाही कबूल केले होते. मला दुःख झाले ते एका चुकीमुळे. माझी मुलगी पिवळ्या फ्रॉकमध्ये गेली असे तिने लिहिले आहे. तो फ्रॉक हिरवा होता. लोक आता मला पिवळ्या फ्रॉकबद्दल विचारतात आणि मला होकार द्यावा लागतो.

छापण्यापूर्वी तिने मला एकदा विचारले असते तर मी नाही म्हटले नसते. तुमच्या दादाने ‘छापू नको’ म्हटले आहे, पण का ते तुम्ही विचारलेत, असे तुमच्या लिहिण्यात कुठे दिसले नाही.

उंबरठा

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, याबद्दल क्षमस्व.

मुद्रितशोधकांची शंका खरी आहे. तो ‘अरे’ मी ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना शेजारच्या खाटेपाशी बसणाऱ्या बाईंनी मला सांगितले होते, आणि त्या कथेत नाहीत, मीही नाही. आम्ही बदलीच्या वेळी जिन्यात भेटायचो. दादा पिशवी माझ्या हातात द्यायचा, मी त्याच्या हातात डबा द्यायची, आणि सव्वीस दिवसांत त्या जिन्यात आमचे ‘आज बरे आहेत’ यापलीकडे बोलणे झालेले मला आठवत नाही. हे सगळे मी कथेबाहेर ठेवले होते, आणि का ठेवले ते आत्तापर्यंत माझे मलाच विचारले नव्हते.

रविवारी दादाकडे गेले आणि मावशींनी सुचवले तसे सरळ विचारले. पैसे मोजणारा भाऊ दाखवला म्हणून तो दुखावला असेल अशी माझी समजूत होती. त्याचे त्याला काहीच वाटलेले नाही. उलट पावत्या त्याने अजून ठेवल्या आहेत, आणि आपल्या खोलीचे बेस्टचे विजेचे बिल अजून बाबांच्या नावाने येते ते त्यांच्यातच लावतो, असे त्याने हसत सांगितले. त्याची हरकत शेवटच्या तीन ओळींवर होती. वडील डोळे मिटतात, असे मी लिहिले आहे. तो म्हणाला, ‘मिटले नव्हते. ते माझ्याकडे बघून बोलले.’ काय बोलले ते त्याने मला सांगितले, आणि लगेच म्हणाला की हे छापायचे नाही. वहिनींनाही ते त्या दिवशी पहिल्यांदाच कळले.

तेव्हा कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. ती आता जिन्यात सुरू होते, सकाळी सातला, डबा आणि पिशवी यांच्यामध्ये. रात्रीचे जे काही आहे ते त्या शेजारच्या बाई सांगतात, त्यांना जेवढे ऐकू आले तेवढेच. ‘अरे’ आहे. त्याचे उत्तर नाही. बाईंना ते ऐकू गेले नव्हते. पूर्ण झाली की आधी दादाला वाचायला देणार आहे, आणि त्याने तरीही नको म्हटले तर संग्रह आठ कथांचा होईल.

‘पलंगाखालचे गठ्ठे’ यांनी सांगितल्याप्रमाणे मंडळाच्या जाहिरातीची वाट पाहायचे ठरवले आहे, त्यामुळे घाई उरलेली नाही. जुन्या पाच कथा खरोखरच श्रीलिपीत आहेत आणि रूपांतर केल्यावर सगळीकडचा ‘र्‍या’ फुटला आहे. कोणाला त्यावरचा खात्रीचा उपाय माहीत असल्यास कृपया कळवावे.