फाटकी नोट आणि देवाचा वाटा : आपापले अनुभव लिहावेत

भायखळ्याची लेक

मागच्या शुक्रवारी दादरच्या बाजारात भाजीवाल्याने माझी दहा रुपयांची नोट परत केली, कारण तिला मधोमध चिकटपट्टी लावलेली होती. ती पर्सच्या मागच्या कप्प्यात सरकवताना "असू दे, रविवारी थैलीत टाकता येईल" असा विचार माझ्या मनात आला आणि मी जागच्या जागी थबकले. १९८१ साली, नऊ वर्षांची असताना, मी नेमके हेच केले होते. वाण्याने नाकारलेली दोन रुपयांची नोट मी घडी घालून अर्पणाच्या थैलीत टाकली आणि चांगल्या नोटेच्या गोळ्या घेतल्या.

बाबांनी ते पाहिले होते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला आणि लोक वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे आणत असत तो भाग मला वाचायला लावला. असले जनावर आपल्या सुभेदाराला देऊन पाहा, तो प्रसन्न होईल का, असे तिथे विचारले आहे. बाबांनी एवढेच विचारले, "ती नोट वाण्याने घेतली होती का गं?"

पुढच्याच वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा साचा खात्यात, म्हणजे विणकामाला, होते. पगार थांबला, वर्गणीचे पाकीट रिकामे राहू लागले, आणि त्याची त्यांना लाज वाटत असे हे मला फार उशिरा कळले. त्या महिन्यांत प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या, आदल्या शनिवारी ते संध्याकाळी मंडळीत जात आणि काचेचे छोटे पेले एकेक करून धूत. मऊ पंच्याने पुसून झाल्यावर ते पेला दिव्यासमोर धरीत आणि काठावरून करंगळी फिरवीत; कापडात तुटलेला धागा राहिला आहे का हे पाहताना त्यांची बोटे अशीच फिरत असत. एखाद्या पेल्यावर डाग दिसला की तो पुन्हा पाण्यात जाई.

देवाला उरलेले न देता उत्तम ते दिल्याचे, किंवा देता न आल्याचे, आपले अनुभव असतील तर कृपया लिहावेत.

पेटीवाला, विक्रोळी

सलाम ताई. मी २२ वर्षे उपासनेत पेटी वाजवतो, आणि त्यातली पहिली दहा वर्षे मी गीतांचे क्रमांक रविवारी सकाळी फळ्यावरच पाहत असे, कारण चाली पाठ होत्या आणि हात आपोआप चालत होता. एके रविवारी एक वयस्कर गृहस्थ उपासना संपल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आजचा अभंग तुम्ही फार घाईने नेलात, मला शब्दांपर्यंत पोहोचताच आले नाही." त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा महिनाही झालेला नव्हता.

तेव्हापासून मी मंगळवारीच पाळकसाहेबांकडून गीते मागून घेतो आणि आधी पेटी न उघडता शब्द मोठ्याने वाचतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, आणि पुढे त्यांनी अभंग-ओवीची आपली रीत ख्रिस्ती भजनात आणली. त्या रीतीत चरण संपल्यावर श्वासाला जागा असते, आणि ती जागा वाजवणाऱ्याने राखली नाही तर गाणाऱ्यांची प्रार्थना अर्ध्यावर तुटते. पावसाळ्यात पट्ट्या फुगून चिकटतात, म्हणून शनिवारी रात्री पेटीजवळ बल्ब लावून ठेवतो.

गावठाणातली नात

आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण असतो आणि नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. आमच्या गावठाणाभोवती आता एक गुंठाही शेत उरलेले नाही, त्यामुळे मामा पालघरकडून पेंढी आणतात, आणि ती विकतची असली तरी आजी ती जशीच्या तशी नेऊ देत नाही. ती ओटीवर बसते, एकेक कणीस देठाला धरून आडवे करते, आणि जे दाण्याच्या भाराने वाकते तेच सुपात ठेवते. पोचट कणीस ताठ राहते, ते बाजूला पडते. गेल्या वर्षी पाच पेंढ्यांतून जेमतेम एक जुडी निघाली. बाकीचे चिमण्यांसाठी खिडकीला बांधले.

मालवणीचा शिक्षक

या चर्चेचा विषय मला मनापासून पटतो, तरीही एक दुखणे लिहितो. एका मंडळीत, जिचे नाव मी लिहिणार नाही, उपासनेचे थेट प्रक्षेपण सुरू झाले, आणि "देवाला उत्तम तेच द्यायचे" असे सांगून वयस्कर बायकांना गायनमंडळातून काढले गेले. माझी आई त्यांत होती. तिने तिथे ३१ वर्षे गायले होते. आजही ती बुधवारी नवे गीत वहीत उतरवून घेते, दुपारी एकटीच म्हणून पाहते आणि रविवारी चौथ्या बाकावरून गाते. तिचा आवाज कापतो. ते गाणे देवाच्या दृष्टीने दुय्यम आहे असे मला कोणीही पटवून देऊ शकणार नाही. विधवेच्या दोन टोल्यांविषयी, म्हणजे अगदी छोट्या नाण्यांविषयी, येशू बोलला तेव्हा भांडारात मोठमोठ्या रकमा टाकणारे तिथेच होते, हे आपण सोयीने विसरतो.

भायखळ्याची लेक

दादा, वाचून फार वाईट वाटले. आईंना माझा सलाम सांगा. बाबांनी माझ्या नोटेची किंमत पाहिली नव्हती; ती मला नको होती म्हणून मी दिली, हे त्यांना लागले होते. आईंचे गाणे तर आठवडाभर जपलेले आहे.

मुद्रितवाचक

मी आमच्या मंडळीचे मासिक पत्रक तपासतो, जेमतेम आठ पानांचे. "एवढ्या चुका कोण पाहतो" असे मला अनेकदा ऐकावे लागते. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये ज्या स्त्रियांना कोणी आसरा देत नव्हते, त्या स्त्रियांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ते आठवले की मी आठवे पानही पुन्हा वाचतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. शनिवारची रात्रपाळी संपवून थेट उपासनेला येते आणि उपदेशात माझा डोळा लागतो. फुकट मिळालेले होमबली मी परमेश्वराला अर्पण करणार नाही, असे म्हणून बायबलमधल्या दावीद राजाने अरवनाचे खळे आणि बैल ५० शेकेल रुपे मोजून घेतले, हे मी लहानपणी पाठ केले होते. आता माझ्याजवळ देण्यासारखे थकलेले शरीरच उरते, आणि तेही झोपलेले. हे उत्तम कसे म्हणावे, हे मला खरोखर कळत नाही.

पाळकीणबाई, अंधेरी

बाळा, बेथानीतल्या त्या स्त्रीने जटामांसीचे मोलाचे तेल ओतले तेव्हा जेवायला बसलेल्यांनी तिला दोष दिला, आणि येशूने तिची बाजू घेताना एवढेच म्हटले की तिला जे करता आले ते तिने केले. रात्रभर आजाऱ्याची कूस बदलून, त्याचे तोंड पुसून तू आलेली असतेस. ती सेवा उपासनेच्या दारापाशी संपते आणि आत वेगळीच सुरू होते, असे मी तरी मानत नाही. भिंतीकडेच्या बाकावर बसत जा, म्हणजे मान अवघडणार नाही.

रात्रपाळी

बाई, रडू आले. सलाम.

शब्बाथशाळा, दुसरी तुकडी

मालवणीच्या दादांनी लिहिले म्हणून सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. शास्त्रवाचनासाठी त्याने स्वतः हात वर केला तेव्हा दोन मोठ्यांनी मला बाजूला घेऊन "नाताळच्या उपासनेला तरी नको" असे सुचवले. मी त्याचेच नाव दिले आहे. महिनाभर आम्ही रोज वर्गानंतर पायऱ्यांवर बसून लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या मेंढपाळांच्या ओळी वाचतो. "भिऊ नका" या शब्दांतल्या "भि"वर तो अडतो, म्हणून त्याआधी एक श्वास घ्यायचा असे आम्ही ठरवले आहे. काल तो तीन वेळा न अडखळता वाचला, चौथ्यांदा अडला, आणि स्वतःच म्हणाला, "टीचर, परत पहिल्यापासून."

पेटीवाले दादा, बल्ब किती वॅटचा लावता? आमच्याही पेटीचा मधला सा चिकटतो.

पेटीवाला, विक्रोळी

ताई, जुना पिवळा, ४० वॅटचा. लाकडापासून वीतभर लांब ठेवा. आणि मुलाच्या वाचनाआधी पेटी वाजवायची असेल तर शेवटचा सूर जरा जास्त वेळ धरून ठेवा, म्हणजे त्याला श्वास घ्यायला अवधी मिळेल.