बॉक्सिंगमधले सगळे पंच (ठोसे) कोणाकडे होते? माझं उत्तर: शुगर रे रॉबिन्सन

मानकापूर_सकाळ:
राजेहो, काल मानकापूर स्टेडियमबाहेर चहाच्या टपरीवर पोरांचा वाद लागला होता. अली मोठा की टायसन. दोघेही मोठेच, त्यात वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ), हुक (कोपर वाकवून बाजूने), अपरकट (खालून वर). दोन्ही हातांनी, डोक्यावर आणि पोटावर, लांबून आणि अंगाला अंग लागलेलं असताना. यातला कुठलाही पंच बसला तरी समोरचा हलेल, असा बॉक्सर कोण? पंच मारता तर सगळ्यांनाच येतात, पण प्रत्येक पंचाने दुखवता येणारे फार थोडे.

या हिशेबात अली मागे पडतो. जॅब आणि सरळ उजवा अप्रतिम, पण पोटावर तो फारसा मारतच नसे. टायसन जवळ घुसला की भयंकर, पण अंतर वाढलं की त्याची निम्मी हत्यारं म्यान व्हायची.

माझा माणूस रॉबिन्सन. १ मे १९५७, शिकागो. त्याच वर्षी जानेवारीत जीन फुलमरने त्याला गुणांवर हरवून किताब नेला होता. तोवर फुलमरला कोणी नॉकआउट केलेलं नव्हतं. पाचव्या राउंडला रॉबिन्सनने उजवा पोटाकडे मारला आणि लगेच डावा हुक जबड्यावर. फुलमर दहा मोजेपर्यंत उठला नाही. दोन दिवसांनी रॉबिन्सनला ३६ वर्षं पूर्ण होणार होती.

बर्डीवाला:
भाऊ, हे मोजमापच मला पटत नाही. पेटीत किती हत्यारं आहेत यावर कारागीर ठरतो का? जो फ्रेझर घ्या. डावा हुक येणार हे सगळ्या जगाला माहीत होतं, अलीला तर पक्कं माहीत होतं. तरी ८ मार्च १९७१ ला पंधराव्या राउंडमध्ये तोच हुक अलीला खाली पाडून गेला. समोरच्याला माहीत असूनही थांबवता येत नाही, ती खरी ताकद. आणि अलीला मर्यादित म्हणताय, तर १९७४ ची किन्शासाची लढत परत पाहा. पहिल्याच राउंडला त्याने जॉर्ज फोरमनवर जॅब न टाकता थेट उजव्याने सुरुवात केली, म्हणजे स्वतः उघडं पडायचा धोका पत्करला. हे धाडस तुमच्या मोजपट्टीत कुठे बसतं?

मानकापूर_सकाळ:
धाडस मान्य, फ्रेझरची ताकदही मान्य. पण मी सर्वांत मोठा कोण हे विचारलंच नाही. सर्वांत परिपूर्ण कोण, हे विचारतोय. फ्रेझरचा हुक अडला तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. १९७३ मध्ये फोरमनने त्याला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. तेव्हा फोरमनला लांब ठेवायला फ्रेझरकडे काही नव्हतं.

धरमपेठची_ताई:
काळ्या-पांढऱ्या फिल्मा बाजूला ठेवा, आजचा जपानी बॉक्सर नाओया इनोउए बघा. नोव्हेंबर २०१९, समोर नोनितो डोनेर, अकरावा राउंड. इनोउएचा डावा हुक उजव्या बरगड्यांखाली, लिव्हरवर बसला. डोनेर लगेच पडला नाही. तो वळला, काही पावलं चालत गेला आणि मग गुडघ्यावर बसला. लिव्हरचा पंच असाच असतो, मार आधी लागतो, कळ क्षणभराने येते आणि पाय ऐकेनासे होतात. पुढे जुलै २०२३ मध्ये स्टीफन फुल्टन. खाली पोटावर जॅब, फुल्टनचं लक्ष खाली, आणि वरून उजवा. जॅबसारखा साधा पंच असा कामाला लावणारा दुसरा दाखवा.

जुना_डावखुरा:
ताई, दोनशे टक्के! हेच आपल्याकडे हरवतंय. मी पोरांना शिकवतो. तीन राउंडच्या स्पर्धेत पोटावरचा पंच गुण देणाऱ्या परीक्षकांच्या नजरेत भरत नाही, म्हणून पोरं खाली मारणंच सोडून देतात. परवा एका चौदा वर्षांच्या मुलीला पॅडवर खाली मारायला सांगितलं, तर तिने गुडघे न वाकवता नुसता हात खाली सोडला आणि तिचा चेहरा बचावाविना उघडा पडला. आधी गुडघा, मग कंबर, शेवटी हात. हा क्रम बसायला महिने लागतात. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली, तेव्हापासून मुली रिंगकडे वळताहेत. त्यांना सगळे पंच द्यायला हवेत, राव. निम्मे देऊन पाठवणं अन्याय आहे.

बर्डीवाला:
पोरांच्या बाबतीत हात जोडतो, कबूल. पण रॉबिन्सन नाही पटत. तो वेल्टरवेट या वजनगटाचा विजेता होता १९४६ ते ५१, तेव्हाच्या त्याच्या फार थोड्या लढती फिल्मवर आहेत. म्हणजे तुम्ही अर्ध्या पुराव्यावर निकाल देताय. त्यापेक्षा जो लुई घ्या. हेवीवेटचा किताब २५ वेळा राखला. जॅब, क्रॉस, हुक, अपरकट, सगळे आखूड आणि सरळ रेषेतले. १९३८ ला श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं, त्यातही बरगड्यांवरचा उजवा असा बसला की श्मेलिंग किंचाळला.

मानकापूर_सकाळ:
लुईचं नाव काढलंत, आता खरी लढत आहे. हातांपुरतं पाहिलं तर लुई बरोबरीत बसेल. पण लुईला मारायला पाय रोवावे लागायचे. १९४१ ला बिली कॉन नुसता फिरत राहिला आणि बारा राउंडपर्यंत पुढे होता. तेराव्यात तो स्वतः भिडायला थांबला, तेव्हा लुईला सापडला. रॉबिन्सन सरकतानाही मारायचा, मागे जातानाही. आणि फिल्म कमी आहेत हे खरंच, पण ज्या आहेत त्या तिशीच्या आसपासच्या आणि नंतरच्या. उतारावरचा माणूस असा दिसत असेल तर पुरावा माझ्याच बाजूचा झाला.

ताई, आजच्यांत इनोउए पहिला, हे मात्र मी लिहून देतो.

जुना_डावखुरा:
फुलमरवाला पाचवा राउंड रविवारी सकाळी पोरांना दाखवतो. आधी पोटाकडचा उजवा थांबवून थांबवून, हुक त्यानंतर.