झोपायच्या ट्रेलरमध्येच इंजिन न्यायचं, तर ठेवायचं कुठे?

दीडहॉर्सपॉवर:
मंडळी, दोन वर्षं रखडलेला ट्रेलर एकदाचा चाकांवर उभा राहिला. थेंबाच्या आकाराचा आहे. प्लायवुडची ८ बाय ४ फुटांची शीट न कापता तळाला टाकली, त्यामुळे खोलीची मापंही तीच. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. रंग अजून एकाच बाजूला लागलाय, दुसरीकडून फोटो मागू नका.

आता खरी अडचण. जुन्या इंजिनांच्या प्रदर्शनाला माझं लिस्टर डी, म्हणजे जुनं ब्रिटिश पेट्रोल इंजिन, घेऊन जातो. १९२६ पासून निघालेलं मॉडेल, दीड हॉर्सपॉवर, ७०० आरपीएम (मिनिटाला फेरे), वर पाण्याचा उघडा हौद. लाकडी पाटासकट वजन भरलं १६० किलो. रिकामा ट्रेलर ३१० किलो, त्यातले ३० नाकावर, म्हणजे गाडीच्या हुकवर बसणाऱ्या कपलिंगवर. कपलिंगपासून ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, २.४ मीटर. गाडीच्या पुस्तकात हुकवर जास्तीत जास्त ७५ किलो चालतील असं लिहिलंय.

ओट्याखाली इंजिनाच्या मापाचा कप्पा मी आधीच करून ठेवलाय, ॲक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे. झाकण उघडायचं, फळ्या लावायच्या, ओढून बाहेर. चालेल ना? बायकोचं म्हणणं, इंजिन गादीवर आलं तर ती तंबूत झोपेल आणि तंबू मी उभारायचा.

काटेकोर:
नाही चालणार. कप्प्यात भांडी ठेवा.

१६० गुणिले ०.९ म्हणजे १४४, त्याला २.४ ने भागा, ६०. एवढे किलो नाकावरून कमी होणार. तुमच्याकडे आहेत ३०. म्हणजे ट्रेलर हुकवर भार टाकायच्या ऐवजी गाडीची मागची बाजू ३० किलोंनी वर उचलणार. असा ट्रेलर सरळ रस्त्यावरसुद्धा शेपूट हलवायला लागतो, आणि वेग वाढला की ते हलणं आपणहून थांबत नाही.

तेच इंजिन ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवा. नाकावर २० वाढतील, झाले ५०. एकूण ४७० किलोंचे साडेदहा टक्के. ब्रिटनकडची मंडळी ५ ते ७ टक्के पुरे म्हणतात, अमेरिकेत १० ते १५ सांगतात. तुम्ही दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असलात आणि ७५ च्या आत राहिलात की झालं.

दीडहॉर्सपॉवर:
३० सेंटिमीटर पुढे म्हणजे बरोबर तिच्या गादीची जागा. खोलीच्या पुढे, ओढायच्या दांडीवर फळी टाकून तिथे बसवलं तर? ॲक्सलपासून दीड मीटर येतं. ॲक्सल धरणारे यू-बोल्ट अजून पक्के केलेले नाहीत, ॲक्सल पुढे सरकवता येईल.

काटेकोर:
तिथे नाकावर १३० येतात. ॲक्सल साधारण ४७ सेंटिमीटर पुढे घेतला तर भार १० टक्क्यांवर येतो, कागदावर झकास. पण मैदानात पोहोचलात, इंजिन उतरवलंत, कपलिंग सोडलंत, की रिकाम्या ट्रेलरचा तोल मागे. नाक ३८ किलोंच्या जोराने वर जाणार. रात्री तुम्ही दोघं आत शिराल तेव्हा पाय वर, डोकं खाली. मागे टेकू लावून झोपता येईल, पण एखाद्या वेळी इंजिन न घेता निघालात तर? ॲक्सलला हात लावू नका.

बिडाचा_बाबा:
हिशोब बरोबर आहे. आता बांधायचं कसं ते ऐका, कारण तिथे मी हात पोळून घेतलेत.

पहिल्या वर्षी मी रॅचेटचे, म्हणजे खटक्याने ताणायचे, पट्टे फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या बाजूच्या जड चाकाच्या) आऱ्यांमधून घेतले होते. दिसायला फार मजबूत. पट्टा ताणला की सगळा ओढा ते चाक धरणाऱ्या क्रँकशाफ्टवर जातो हे डोक्यातच आलं नाही. शिवाय खड्ड्यात फ्लायव्हील जरासं फिरलं की पट्टा ढिला. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून हौदाच्या काठावरून पट्टा घेतला. बीड दाबाला दणकट, पण ताण आणि दणका त्याला सोसत नाही. पोहोचलो तेव्हा काठाला वीतभर तडा होता. अजूनही आहे. येणारा प्रत्येक जण त्यावर बोट फिरवून विचारतो.

तेव्हा पट्टे फक्त बुडाच्या पायांना आणि पाटाला, चारी कोपऱ्यांतून तिरके. पाटाखाली रबराची चटई, तेलकट लाकूड प्लायवुडवर साबणासारखं सरकतं. पट्टे चेसिसच्या, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याच्या, कड्यांत अडकवा, प्लायवुडमध्ये पिळलेल्या स्क्रूंत नको. हौद रिकामा करा, हिंदकळणारं पाणी कशाला न्यायचं? एक्झॉस्टच्या तोंडावर पालथा डबा घाला.

माझ्याकडे आता लिस्टर सीएस ६/१ आहे, ६५० आरपीएमवर धकधक करणारं डिझेल, तीनशे किलोच्या वर. त्याला वेगळा ट्रेलर. मी गाडीत झोपतो.

रात्रपाळी:
दादा, वजनाचं सगळं झालं, वासाचं कुणी बोललंच नाही. ज्या डब्यात झोपायचं त्यात पेट्रोलची टाकी भरलेली नको. टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून मगच इंजिन आत घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गादीच्या पातळीलाच साठते. आणि प्रदर्शनात इंजिन चालू असताना ते ट्रेलरच्या दारापासून लांब, वारा धूर पलीकडे नेईल असं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही. आमच्या ट्रेलरमध्ये उशाशी त्याचा अलार्म आहे. एकदा दोन ट्रेलर पलीकडच्या इंजिनामुळे वाजला होता.

दीडहॉर्सपॉवर:
सगळ्यांचे आभार. काल करून पाहिलं. गादी गुंडाळून पुढे, इंजिन बाजूच्या दारातून दोन पाइपांवर लोटत आत, ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे. ट्रेलर लेव्हलला धरून कपलिंगखाली बाथरूमचा वजनकाटा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा: ५२ किलो. दोन किलो बहुतेक गादीचे.

मुक्कामी पोहोचलं की आधी इंजिन उतरवायचं, मग गादी अंथरायची, असं घरात ठरलंय. तेलाच्या थेंबांसाठी पाटाखाली पत्र्याचा ट्रेही केला. तरी आज सकाळी उशीच्या खोळीवर काळा अंगठा उमटलेला सापडला. तो माझाच निघाला.