बदलापूरला घर घेण्याआधी

मुलुंडला भाड्याने राहताय आणि बदलापूरला घर घ्यावं का, असं विचारलंत. मुलुंडचं भाडं भरत बसण्यापेक्षा त्याच हप्त्यात बदलापूरला स्वतःचा टू बीएचके, हा तुमचा हिशेब चुकीचा नाही. पण सल्ला देणारे सगळे जागेच्या दरावरच बोलताहेत. रोजच्या लोकलचं काय?

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. फास्ट मिळाली तरी सव्वा तास कुठे गेला नाही. कल्याणनंतर गाड्या कसारा आणि कर्जत अशा फुटतात (बदलापूर कर्जतच्या मार्गावर), त्यामुळे एक चुकली की फलाटावर ताटकळणं आलं. बदलापूरहूनच सुटणारी गाडी पकडावी म्हणाल, तर अंबरनाथहून ‘डाऊन’ करून, म्हणजे जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेने बसून, आलेली मंडळी आधीच खिडक्या धरून बसलेली असतात. त्यावरून भांडणं रोजचीच.

हवा, मोकळी जागा वगैरे आहेच, नाही म्हणत नाही.

पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूला बघत असाल तर २००५ आणि २०१९ ला पाणी कुठवर चढलं होतं ते बिल्डरला नको, शेजारच्या जुन्या सोसायटीत विचारा. (पुढच्या वांगणी स्टेशनजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली ती २०१९ चीच गोष्ट.)

दोघंही नोकरीला जात असाल आणि मूल लहान असेल, तर मी आधी अकरा महिने तिथेच भाड्याने राहीन. पावसाळा धरून.