इंदूर: चिमणी साफ करणाऱ्यांकडून फसवणूक कशी टाळायची? (मदत हवी आहे)

मंडळी, सासूबाई लोकमान्यनगरात एकट्या राहतात आणि आम्ही विजयनगरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्या स्वयंपाकघरातली चिमणी दिवाळीआधी साफ करून घ्यायची आहे. फिल्टरलेस (म्हणजे जाळी नसलेली), ऑटोक्लीन, चारेक वर्षं जुनी. आवाज वाढलाय आणि फोडणी दिली की हॉलमध्ये बसलेला माणूस खोकतो.

त्यांच्याच गल्लीतल्या एका काकूंचं प्रकरण ऐकल्यापासून मी कोणालाही बोलवायला धजत नाहीये. पेपरातून पत्रक आलं होतं, '२९९ रुपयांत डीप क्लीनिंग'. माणूस आला, चिमणी खोलली, सगळे भाग ओट्यावर मांडले आणि मग म्हणाला, "माताजी, मोटर तो गई." आकडा ४,२०० वरून घासाघीस करत ३,५०० वर आला. मोटर 'वर्कशॉप'ला गेली आणि दोन दिवसांनी परत आली. काकूंचं ठाम म्हणणं आहे की ती तीच मोटर होती, नुसती पुसलेली. बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला होता. आता त्याचा फोन लागत नाही.

आमच्या सासूबाईंचा स्वभाव असा की कारागीर दारात आला की आधी पाणी, मग चहा, आणि उन्हातून आलाय बिचारा म्हणून पोहेसुद्धा. एवढं झाल्यावर त्याला 'नाही' कोण म्हणणार? मी सुट्टी काढून तिथे थांबणार आहे, पण मला यातलं काही कळत नाही. मोटर खरंच गेली आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि माणूस शोधायचा कुठून?

तूपभात
नंबर सर्चमधून उचलू नका, हे आधी सांगतो. कंपनीच्या नावाने खोटे 'कस्टमर केअर' नंबर नेटवर ढिगाने पडलेत. आधी दहा रुपये 'रजिस्ट्रेशन'साठी लिंक पाठवतात, नाहीतर मोबाइलची स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतात, आणि मग खातं साफ. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा चिमणीवरच्या स्टिकरवरून घ्या. आणि कार्ड हातात आहेच तर तेही नीट वाचा. बाकी चिमणीची वॉरंटी वर्षभराची असली तरी मोटरवर बऱ्याच कंपन्या पाच वर्षं किंवा त्याहून जास्त देतात. तुमची चारच वर्षांची आहे. खरंच मोटर गेली असेल तर कदाचित पैसे द्यायचेच नाहीत.

फेजन्यूट्रल
महाराणी रोडवर बरीच वर्षं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं माझं, म्हणून थोडं लांबण लावतो.

जळलेली मोटर फिरत नाही. वास येतो, कधी एमसीबी (घरातल्या विजेच्या बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. माणूस यायच्या पाच मिनिटं आधी जी फिरत होती ती खोलल्यावर 'जळलेली' कशी निघेल? म्हणून तो आल्या आल्या, काहीही खोलायच्या आधी, त्याच्यासमोर चिमणी सगळ्या स्पीडवर चालवून दाखवा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. व्हिडिओ निघतोय म्हटल्यावर निम्मे आजार तिथेच बरे होतात. काळे भाग दाखवतील, ते तेल असतं. तेलाने पंखा जड होतो, आवाज वाढतो, ओढ कमी होते. पण त्यासाठी मोटर बदलायची नसते, पंखा धुवायचा असतो.

दुसरं, मोटर नुसती गुणगुणते आणि उचलत नाही, तेव्हा पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. दीड-दोनशेच्या आतला पार्ट. तो बदलून मोटरचे पैसे लावणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. पार्ट बदलला तर जुना मागून ठेवून घ्या. आणि कोणताही भाग घराबाहेर न्यायचा नाही. चिमणी उघडी पडली की आपण अडकतो, सगळा धंदा त्या अर्ध्या तासावर चालतो.

धूर परत येतोय म्हणालात. पाइपचं बाहेरचं तोंड बघितलंत का? कबुतरं तिथे हमखास काड्या भरतात. आणि ऑटोक्लीनचं बटण दाबलं की हीटरने आतलं तेल वितळून खालच्या वाटीत उतरतं, इतकंच. पाइपातलं चिकट तसंच राहतं.

धागाकर्ती
वाटीचं तुम्ही लिहिल्यावर सासूबाईंना फोन केला. काठोकाठ भरली आहे म्हणाल्या! पाइपाचं तोंड मागच्या बोळात उंचावर आहे, रविवारी शिडी लावून बघतो.

निंबूपाणी
वाटी रिकामी करायला मिस्त्री कशाला हवा? ज्यांच्या चिमणीला जाळी आहे त्यांनीही ती घरीच धुवावी: कढत पाणी, खायचा सोडा, भांड्यांचा साबण, तासभर भिजत. फक्त कॉस्टिक सोडा नको. ॲल्युमिनियमची जाळी काळी पडते, खातेसुद्धा. स्वस्तातले लोक तेच वापरतात, कारण दहा मिनिटांत काम होतं.

तिखटशेव
सगळेच कारागीर चोर नसतात हो. पण २९९ मध्ये शहराच्या या टोकाहून त्या टोकाला येऊन दोन तास तेल खरवडणाऱ्याच्या हातात उरणार काय? पार्ट विकल्याशिवाय त्याचा दिवस निघत नाही. आमच्याकडे सुदामानगरला येणारा ९०० घेतो आणि पाइपचे वेगळे, हे फोनवरच सांगतो. मी त्याला पैशांचा आकडा मेसेजवर लिहून द्यायला सांगते, तोही देतो. काम झाल्यावर कागद लावून बघा, चालू चिमणीने तो ओढून धरला पाहिजे.

तूपभात
काकूंनी पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद, पत्रक आणि फोन नंबर घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. लिंकवरून खात्यातले पैसे गेले असतील तर मात्र १९३०, आणि तेही लगेच, दुसऱ्या दिवशी नाही.

धागाकर्ती
काकूंनी रोख दिले होते, पत्रक मात्र जपून ठेवलंय. १९१५ ला फोन करायला त्या तयार आहेत, मी सोबत बसेन. वॉरंटी कार्डही सापडलं, मोटरवर पाच वर्षं आहेत. तिखटशेव ताई, तुमच्या सुदामानगरच्या माणसाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? तो लोकमान्यनगरला येतो का, तेही विचारून ठेवा. पोह्यांचं मी बघते.