मंडळीने आपल्या सेवाकार्याचा हिशोब मांडावा का?

मूळ लेख

पुढील पाच वर्षांचा आराखडा आखण्यापूर्वी उपासना, शब्बाथशाळा (रविवारची बायबलशाळा), तरुण संघ, आजाऱ्यांच्या भेटी, सुवार्ताकार्य आणि दानाचा विनियोग या सर्वांचे मूल्यमापन करावे, असा प्रस्ताव आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वार्षिक सभेपुढे आला असून त्यावर सभासदांत तीव्र मतभेद आहेत. मी प्रस्तावाच्या बाजूचा आहे. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय ६ मध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकूर उठली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, कुरकूर करणाऱ्यांना अविश्वासू ठरवले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, आपले काम कोणते आणि कोणते नाही हे स्पष्ट केले आणि या वाटपासाठी सात जण निवडायला सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच वर्तुळातून ही माणसे आली असावीत. आपल्या वाटपातून आज कोण सुटत आहे, हे विचारल्याशिवाय पुढची योजना प्रामाणिकपणे कशी करता येईल?

प्रतिसाद १

बंधू, आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, तरी मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. दावीद राजाने लोकांची शिरगणती करण्याचा हुकूम दिला, तेव्हा यवाबासारख्या कठोर सेनापतीलाही ते रुचले नाही. नऊ महिने वीस दिवस फिरून आकडा हाती आला आणि त्यानंतर राजाचे मन त्यालाच टोचू लागले. मंडळीत एकदा तक्ते आणि गुणांकन आले की उपस्थिती, बाप्तिस्मे आणि अर्पण एवढेच मोजले जाते, कारण मोजता येण्यासारखे तेवढेच असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेची रोजची प्रार्थना कोणत्या रकान्यात लिहिणार? शिवाय प्रश्नावली फिरू लागली की ती पाळकांवरील (मंडळीच्या धर्मगुरूंवरील) मतदान होऊन बसते. एका मंडळीत मी हे जवळून पाहिले आहे: निनावी उत्तरांतून जुनी भांडणे वर आली, पाळकसाहेबांनी बदली मागून घेतली, आणि ज्या आराखड्यासाठी हे सारे केले तो कधी लिहिलाच गेला नाही.

प्रतिसाद २

दाविदाचा दाखला नेहमी दिला जातो, पण पवित्र शास्त्रात दुसरीही गणती आहे. गणनाच्या पुस्तकात देव स्वतः मोशेला लोक मोजायला सांगतो, आणि तीस ते पन्नास वर्षे वयाचे ८,५८० लेवी (उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातले पुरुष) निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, सेवेसाठी वेगळे मोजले जातात, कारण कोणी काय वाहून न्यायचे हे त्यावरून ठरायचे होते. कोणासाठी आणि कशासाठी मोजतो, हा खरा प्रश्न आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील, प्रकटीकरणातील, सात मंडळ्यांना प्रभूने जे कळवले तेही मूल्यमापनच आहे. इफिसच्या मंडळीचे श्रम व धीर मान्य करून, पहिली प्रीती सोडल्याबद्दल तिला दोष दिला आहे. सार्दीसच्या मंडळीचे नाव जिवंतपणाबद्दल होते, पण ती मेलेली होती. तेथे उपस्थितीचा आकडा कोठेही नाही.

प्रतिसाद ३

मी काही वर्षे मंडळीच्या कमिटीवर काम केले आहे, आणि माझ्या अनुभवाने मूल्यमापनाची खरी परीक्षा आकड्यांपाशी होत नाही. एखादे काम थांबवायची वेळ आली की होते. जी सेवा वीस वर्षांपूर्वी कोणा उत्साही दांपत्याने सुरू केली, ती आता तीनच माणसे थकलेल्या मनाने चालवत असतात; ती बंद करा म्हटले की त्या दांपत्याच्या स्मृतीचा अपमान झाल्यासारखे वाटते, म्हणून कोणी बोलत नाही, आणि नव्या योजनेला माणसेच उरत नाहीत. शिकागोजवळच्या विलो क्रीक या अतिविशाल मंडळीने २००७ साली आपल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा कार्यक्रमांतील सहभाग वाढला म्हणून माणसे देवावरील प्रीतीत वाढतातच असे नाही, हे तेथील पुढाऱ्यांना उघडपणे मान्य करावे लागले. म्हणून माझी सूचना अशी आहे की प्रत्येक सेवेविषयी एकच गोष्ट आधी विचारावी: ही सेवा आज नसती, तर आपण ती नव्याने सुरू केली असती का? उत्तर नाही असे आले, तर ती चालवणाऱ्यांचे मंडळीसमोर आभार मानून, त्यांच्यासाठी प्रार्थना करून ती सन्मानाने थांबवावी. आणि जे मंडळी सोडून गेले त्यांना घरी जाऊन भेटावे, कारण त्यांचे म्हणणे कोणत्याही प्रश्नावलीत येत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

थांबवण्याविषयी आपण लिहिलेले मला पटते, आणि सोडून गेलेल्यांना भेटण्याला कोणाचा विरोध असेल असे वाटत नाही. मात्र विलो क्रीकच्या उदाहरणातून मी वेगळा बोध घेतो: इतकी वर्षे आकडे चांगले होते, आणि आकड्यांनीच त्यांना गाफील ठेवले.

मूळ लेखक

आकड्यांनी त्यांना गाफील ठेवले हे खरे, पण ते कळले विचारल्यावरच. तरीही पाळकांविषयीची आपली भीती मी गांभीर्याने घेतो. पाळकांच्या कामाचा आढावा या प्रक्रियेतून वगळून स्वतंत्रपणे घ्यावा आणि निनावी उत्तरे स्वीकारू नयेत, अशी दुरुस्ती मी सभेत मांडणार आहे.

प्रतिसाद ४

निनावी उत्तरे नाकारू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या विधवांपासून आपण ही चर्चा सुरू केली, त्यांच्या स्थितीत असलेल्या भगिनी मंडळीच्या वडीलजनांसमोर नाव सांगून बोलतील, असे आपल्याला खरेच वाटते का? माझ्या सासूबाई चाळीस वर्षे मंडळीत होत्या आणि सभेत एकदाही बोलल्या नाहीत; घरी मात्र त्यांना सर्व ठाऊक असे. आराखड्याविषयी म्हणाल, तर प्रेषित पौलाचाही बेत सुवार्तेसाठी आशिया आणि बिथुनिया या प्रांतांकडे जाण्याचा होता, तो अडवला गेला आणि मासेदोनिया प्रांताची वाट उघडली. तेव्हा पाच वर्षांची योजना जरूर करा, पण दर वर्षी ती बदलण्याचा अधिकार सभेकडे ठेवा. सभेच्या आधी आम्हा भगिनींची वेगळी बैठक घ्यावी आणि तिची टिपणे भगिनींनीच लिहावीत, हे आपल्या दुरुस्तीत घालाल का?